मदत हवी आहे: नॉच रोखूनही मॅमोस्फिअरची संख्या घटत नाही

पेशीवही: स्तनाच्या कर्करोगातील मूलपेशींचे स्वनवीकरण नॉच कुटुंबातील (पेशींमध्ये संदेश पोहोचवणाऱ्या) प्रथिनांवर अवलंबून असते, हे दाखवणारा माझा प्रयोग अडकून पडला आहे. नॉचला सक्रिय करणारे गॅमा सिक्रेटेज हे विकर रोखणारे डॅप्ट हे रसायन दिल्यावरही मॅमोस्फिअर, म्हणजे न चिकटता तरंगत वाढणारे स्तनपेशींचे गोळे, नियंत्रण गटाइतकेच येतात. पुढच्या आठवड्यात मार्गदर्शकांपुढे आकडे ठेवायचे आहेत. मात्रा वाढवावी की दुसरे रसायन घ्यावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

सूक्ष्मदर्शी: सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढवला जाणारा पेशीवंश) कोणती, मात्रा किती, प्लेटच्या एका वेलमध्ये (खळग्यात) पेशी किती, आणि मोजलेले स्फिअर पहिल्या पिढीचे की दुसऱ्या? हे कळल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

पेशीवही: एमसीएफ-७, १० मायक्रोमोलर, सहा वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येकी ४०,००० पेशी, माध्यम सीरमविरहित. नियंत्रण गटाला तेवढेच डीएमएसओ (डॅप्टचे द्रावक) होते. सातव्या दिवशी थेट मोजले, दुसरी पिढी केलेली नाही. मात्रेबद्दल कोणी सांगेल का?

टीपेशी: माझे ऐकाल तर सेल लाइनच बदला. टी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियात निम्म्याहून अधिक रुग्णांत नॉच-१ जनुकात सक्रिय करणारे उत्परिवर्तन असते, हे २००४ मध्येच दिसून आले. तिथे परिणाम स्पष्ट मिळेल.

सूक्ष्मदर्शी: प्रश्न स्तनाच्या कर्करोगाचा आहे, टीपेशी. पेशीवही, इतक्या दाटीत पेशी एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि सातव्या दिवशी तेही स्फिअरसारखेच दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळीच प्लेट पाहा. पाच-दहा पेशींचे पुंजके दिसले, तर तुम्ही विभाजन नव्हे, चिकटणे मोजत आहात. पेशी ४० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा, संख्या बरीच कमी करा आणि ५० मायक्रॉनपेक्षा मोठे स्फिअरच मोजा. मग ते सुटे करून, तितक्याच पेशी रसायनाशिवाय पुन्हा पेरा. मर्यादित वेळाच विभाजित होणाऱ्या पूर्वज पेशीही पहिल्या पिढीत स्फिअर करू शकतात. स्वनवीकरणाची खरी परीक्षा दुसऱ्या पिढीत होते.

चौथानॉच: पेरणीवर इतका भर कशाला? सस्तन प्राण्यांत नॉचचे चार रिसेप्टर आहेत आणि सगळे नॉच-१ भोवतीच फिरतात. स्तनाच्या कर्करोगातील मूलपेशींमध्ये नॉच-४ अधिक महत्त्वाचा असल्याचे २०१० च्या एका अभ्यासात दिसले होते. प्रत्येक रिसेप्टर आरएनए हस्तक्षेपाने (जनुकाचा संदेश नष्ट करून) वेगवेगळा दाबून पाहा.

सूक्ष्मदर्शी: ती पुढची पायरी झाली. डॅप्टने लक्ष्य गाठले की नाही हेच अजून ठाऊक नाही. गॅमा सिक्रेटेज या कात्रीने नॉचचा आतला तुकडा सुटतो, केंद्रकात जाऊन आरबीपी-जे या प्रथिनाला जोडला जातो आणि हेस-१ सारखी जनुके चालू करतो. आधी वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने ओळखण्याच्या चाचणीत) नॉच-१ चा हा तुकडा घटला का ते पाहा. शिवाय हीच कात्री ई-कॅडहेरिन आणि सीडी४४ या इतर प्रथिनांनाही कापते, म्हणून स्फिअर घटले तरी श्रेय नॉचचेच असेल असे नाही. नॉचचा सुटा तुकडा पेशीत बाहेरून व्यक्त केल्यावर स्फिअर परत आले, तर युक्तिवाद भक्कम होईल.

आशाताई: माझ्या मावशींना स्तनाचा कर्करोग आहे. हे औषध भारतात मिळेल का?

चौथानॉच: ताई, डॅप्ट केवळ प्रयोगशाळेसाठी आहे, मावशींच्या उपचारांविषयी त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांनाच विचारावे. याच वर्गातील निरोगासेस्टॅटला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण ती डेस्मॉइड गाठींसाठी. अल्झायमरसाठीच्या सेमागासेस्टॅटच्या चाचण्या २०१० मध्ये थांबवल्या गेल्या. त्यांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले. त्वचेत नॉच गाठींना आवर घालतो, त्यामुळे तो सरसकट रोखणे धोक्याचे ठरते.

पेशीवही: सर्वांचे आभार. प्रथम हेस-१ तपासते. डॅप्ट दिल्यावर नमुना केव्हा घ्यावा?

सूक्ष्मदर्शी: हेस-१ चा आरएनए अल्पायुषी असतो. सहा आणि चोवीस तासांचे नमुने घ्या, आणि आधी प्लेटला चिकटून वाढणाऱ्या पेशींवरच. तिथेही फरक दिसला नाही, तर मात्रा वाढवण्यापूर्वी डॅप्टचा नवा साठा करून पाहा.