मदत हवी आहे: दादाचं नाव दोन मतदारयाद्यांत, गावचं कसं वगळायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही देवगड तालुक्यातले. थोरला भाऊ ३० वर्षं डोंबिवलीला, गणपतीला आणि शिमग्याला येतो. नाव तिथल्या मतदारयादीत आहे, गावच्याही. वाडीच्या ग्रुपवर यावरून आठवडाभर वाद पेटलाय. दादा म्हणतो, "घरपट्टी मी भरतो, मग मत का नको?" काल त्याने पावतीचा फोटोच टाकला. पावतीवर अजून आईचं नाव, कोपऱ्यावर हळदीचा डाग. आई जाऊन चार वर्षं झाली. बघून गलबलून आलं, उत्तर देववेना.

पण नियम मी वाचलेत. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ नुसार एकापेक्षा जास्त मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. कलम २० सांगतं की नुसतं मालकीचं घर आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे घरपट्टीचा मुद्दा टिकत नाही. कलम ३१ ची जास्त भीती वाटते: अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

नाव वगळायला फॉर्म ७ असतो. तुमच्यापैकी कोणी तो मुंबईत बसून ऑनलाइन भरलाय का? बीएलओ (मतदारयादीचं काम बघणारे केंद्रस्तरीय अधिकारी) गावच्या घरी चौकशीला आले का, कागद कोणते मागितले?

आणि दादाला कसं सांगू? यादीतून नाव गेलं म्हणजे गाव तुटलं, असं त्याला मनापासून वाटतं. तुमच्या घरी कोणाची अशी समजूत घातली असेल, तर नेमकं काय बोललात ते कृपया लिहा.