हिरवळीतले पिवळे चट्टे आणि लव्हाळा: आधी बंदोबस्त कशाचा करावा?

अंगणवाला (नाशिक)

नमस्कार. आमच्या घरापुढे सुमारे 1,500 चौरस फूट हिरवळ आहे. चार वर्षांपूर्वी लावलेली ही सिलेक्शन वन जातीची हिरवळ गेल्या वर्षापर्यंत उत्तम होती. यंदा ऑगस्टच्या अखेरीपासून तिच्यात परातीएवढे पिवळे चट्टे पडू लागले असून, पाणी वाढवूनही ते पसरतच आहेत. सकाळी साळुंक्या नेमक्या त्याच जागी चोची मारताना दिसतात. शिवाय लव्हाळा इतका माजला आहे की, यंत्र फिरवल्यावर चौथ्या दिवशी तो गवताच्या वर डोके काढतो. माळीबुवांचे म्हणणे असे की, फोरेट हे कीटकनाशक टाकून वरून तणनाशक फवारले की दोन्ही प्रश्न सुटतील. घरात लहान मूल आणि कुत्रा असल्यामुळे माझे मन धजत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ऊसकरी (सांगली)

फोरेटचा विचार सोडून द्या. त्याच्या वापरावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे, आणि मूल व कुत्रा खेळतात त्या जमिनीत इतके जहाल विष बंदी नसतानाही कोणी टाकू नये.

साळुंक्यांनी तुम्हाला रोगाचे निदान करून दिलेले आहे. चट्ट्याच्या कडेचे गवत मुठीत धरून ओढून पाहा. ते चटईसारखे अलगद उचलले गेले, तर खाली मुळे कुरतडणारी हुमणी आहे असे समजा. पाऊस सुरू होताना या किडीचे भुंगेरे जमिनीतून निघतात, संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात, आणि मग मादी मातीत अंडी घालते. जुलैपासून अळ्या मुळे खाऊ लागतात. मात्र त्या लहान असताना गवत तग धरते, म्हणून नुकसान आपल्या नजरेस पडेपर्यंत भाद्रपद उजाडतो. मुळेच उरली नसताना पाणी वाढवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

चट्ट्याच्या कडेला फूटभर लांब-रुंद आणि वीतभर खोल माती उकरून अळ्या मोजा. परंतु दिसेल ती पांढरी अळी हुमणी मानू नका. शेणखतातून येणाऱ्या काही अळ्या कुजलेला पालापाचोळा खाऊन जगतात आणि त्यांचा गवताला उपद्रव नसतो. अळी सपाट जागी ठेवून पाहा: ती पाठीवर उलटी होऊन सरपटू लागली, तर ती फुलांवरच्या भुंगेऱ्याची आहे, तिला खुशाल खताच्या खड्ड्यात सोडा. खरी हुमणी इंग्रजी सी अक्षरासारखी वाकून कुशीवर पडते.

आता अळ्या मोठ्या झाल्या असल्यामुळे उचललेल्या चट्ट्यांखालून त्या हाताने वेचणे हाच खात्रीचा उपाय आहे, आणि इतक्या जागेत तो दोन सकाळींचे काम आहे. अळ्यांना मारणारी मेटारायझियम ही बुरशी पुढच्या जुलैत, अळ्या लहान आणि माती ओली असताना, संध्याकाळी द्यावी. त्याआधी पहिल्या पावसानंतर अंधार पडताना कडुनिंबाच्या फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. आमच्याकडे वस्तीतली मुले हे काम चढाओढीने करतात.

हिरवाईप्रेमी (पुणे)

हुमणीबद्दल वरील प्रतिसादाशी सहमत आहे. लव्हाळ्याबद्दल लिहितो, कारण त्याने मला स्वतःला दोन वर्षे छळले आहे.

त्याची तीन धारांची दांडी बोटांत फिरवली की ओळख पटते. दिवाळीच्या उटण्यातला सुगंधी नागरमोथा तो याच कुळातला, परंतु हिरवळीत त्याच्या गाठी म्हणजे शाप आहे. या गाठी जमिनीत साखळीने जोडलेल्या असतात. वरचा कोंब उपटला की साखळी तुटते आणि इतके दिवस निजलेल्या गाठी फुटू लागतात. त्यामुळे महिन्यातून एकदा केलेली खुरपणी तण वाढवते. उपटायचेच असेल, तर दर आठवड्याला आणि गाठीसकट.

ग्लायफोसेट हे तणनाशक गवतही मारते, त्यामुळे ते वर्ज्यच समजा. शिवाय 2022 च्या सरकारी आदेशाने त्याचा वापर केवळ परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला होता. हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक मात्र लव्हाळ्यावर चालते आणि हरळीवर्गीय गवत सहसा वाचवते.

ऊसकरी (सांगली)

एक खबरदारी सुचवतो. हॅलोसल्फ्युरॉनची आमच्या उसातली मात्रा एकरी 36 ग्रॅम आहे. या हिशेबाने 1,500 चौरस फुटांना जेमतेम सव्वा ग्रॅम लागते, आणि चमच्याच्या अंदाजाने हमखास चूक होते. त्याचे लेबल उसासाठी आहे, हिरवळीसाठी नव्हे. त्यामुळे आधी कोपऱ्यातल्या वावभर जागेवर फवारून तीन आठवडे वाट पाहावी. ज्या चट्ट्यांत मुळे खाल्ली गेली आहेत, तेथे नवे गवत धरेपर्यंत हे औषध मुळीच नको. लव्हाळा तिथेच का माजला, याचे कारणही तेच आहे: हुमणीने गवत विरळ केले आणि वाढवलेल्या पाण्याने लव्हाळ्याला आयते अंगण मिळाले.

अंगणवाला (नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज सकाळी कडेची फूटभर जागा उकरली: अकरा अळ्या निघाल्या. त्यांतल्या दोन पाठीवर सरपटत गेल्या, त्यांना खतात सोडले. नऊ कुशीवर वाकून पडून राहिल्या. माळीबुवा आधी हसले, पण आता तेच कुतूहलाने पुढची जागा उकरत आहेत. तणनाशक तूर्त बाजूला ठेवले आहे आणि पाणी चार दिवसांआड केले आहे. कुंपणाला लागून कडुनिंब आहे, हे तर आजवर माझ्या ध्यानातच आले नव्हते.