मदत हवी आहे : बंगालीतल्या 'बोकामि'चा नेमका अर्थ काय?

लग्नाला पाच महिने झाले. मी नाशिकची, सासर कोलकात्याचं. सासूबाई माझ्याशी हिंदीत बोलतात, पण घाईत असल्या की बंगालीवर येतात. परवा त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून मी छत्री न घेताच गडियाहाटच्या बाजारात गेले आणि निथळत परतले. त्यांनी दारातच माझ्या डोक्यावर गमछा टाकला, खसाखसा केस पुसले नि म्हणाल्या, "छाता छाड़ा केउ बेरोय? की बोकामि! बोका मेये कोथाकार!"

आपल्याकडे बोका म्हणजे मांजर, त्यामुळे आधी काही कळलंच नाही. रात्री नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "छत्रीशिवाय कोणी बाहेर पडतं का?" असं आई म्हणाली; बोका म्हणजे मूर्ख, बोकामि म्हणजे मूर्खपणा. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. माझ्या माहेरी मूर्ख हा शब्द भांडणातच निघतो. पण केस पुसणारा हात काही रागाचा नव्हता.

घरात हा शब्द मायेनेही वापरतात का? आणि मी कुठे वापरला तर चालेल?

प्रतिसाद :

ताई, मनाला लावून घेऊ नका. मी बरीच वर्षं कोलकात्याच्या बेहाला भागात राहते. नवऱ्याने सांगितलेला अर्थ बरोबर आहे, पण सूर हरवला. 'मेये' म्हणजे मुलगी, 'कोथाकार' म्हणजे 'कुठली'. आपण लेकीला "वेडी कुठली!" म्हणतो ना, तेच हे.

शेवटचा 'मि' म्हणजे आपला 'पणा', पण तो बहुतेक नावं ठेवण्याजोग्या वागण्यालाच लागतो : दुष्टुमि म्हणजे खोडकरपणा, आलसेमि म्हणजे आळशीपणा. 'न्याकामि' मात्र वेगळं. कळत असून न कळल्याचा आव आणणं, लाडिक सोंग करणं. सासूबाई तसं म्हणाल्या असत्या तर मीही विचारात पडले असते. 'मूर्ख' हा शब्द बंगालीतही आहे, पण त्यात अडाणीपणाचा शिक्का असतो, तो बोकापेक्षा जास्त टोचतो. आणि 'बोका पाँठा' सरळ शिवीच. पाँठा म्हणजे बोकड.

वापरायचं म्हणाल तर धाकट्या दिराला, मैत्रिणीला 'बोका' खुशाल म्हणा. वडीलधाऱ्यांना कधीच नाही. स्वतःची चूक कबूल करायला मात्र हा शब्द फार गोड आहे. पुन्हा छत्री विसरलात तर त्यांनी काही म्हणायच्या आत तुम्हीच म्हणा, "आमारइ बोकामि, मा." म्हणजे, माझाच मूर्खपणा, आई.