प्रवेश परीक्षेचा फॉर्म कियोस्कवर भरून घ्यावा का?

रामबागकर, इंदूर:
बारावीच्या वर्षी सीयूईटी (विद्यापीठांतल्या पदवी प्रवेशाची परीक्षा) किंवा जेईईचा (इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) फॉर्म कियोस्कवाल्याकडून, म्हणजे ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराकडून, भरून घ्यायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. माझं मत स्पष्ट आहे: फॉर्म मुलानं स्वतः भरावा, आईवडिलांनी शेजारी बसावं. सीयूईटीत अर्धा निर्णय फॉर्ममध्येच होऊन जातो. 2025 पासून जास्तीत जास्त पाच पेपर निवडता येतात आणि कोणत्या कोर्सला कोणते पेपर लागतात हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. दिल्ली विद्यापीठात बीएस्सी ऑनर्स फिजिक्स हवं असेल तर एक भाषा, फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स. केमिस्ट्री निवडायची राहिली, तर बाकीच्या पेपरांत कितीही मार्क पडोत, तिथे अर्जच चालत नाही. आपल्या देवी अहिल्या विद्यापीठाच्याही बऱ्याच कोर्सेसना सीयूईटी लागते. मुलाला पुढे काय शिकायचंय हे कियोस्कवाल्यानं कसं ओळखायचं?

सुदामानगरची आई:
दादा, मला नाही पटत. आमच्याकडे मोठा मोबाइल एकच, तो यांच्याबरोबर दुकानात जातो. फोटो आणि सही ठरलेल्या केबीत बसवायची, सर्टिफिकेट स्कॅन करायचं, फी ऑनलाइन भरायची. कियोस्कवाल्याचा त्यात हात बसलेला असतो. आणि चुकलंच काही, तर दुरुस्तीची सोय असते की.

रामबागकर:
असते ताई, पण मोजके दिवस, आणि सगळं बदलूही देत नाहीत. जेईई मेनमध्ये मोबाइल नंबर आणि ईमेल नंतर बदलता येत नाहीत. माझ्या भाचीच्या फॉर्ममध्ये एकानं स्वतःचाच ईमेल टाकला. ऐन परीक्षेच्या तोंडावर पासवर्डसाठी पोरगी त्याच्या मागे फिरत होती.

कियोस्कवाला, राजेंद्रनगर:
ईमेल स्वतःचा टाकणं चूकच, ते कुणीही करू नये. पण आमच्याकडे लोक कसे येतात तेही ऐका. शेवटची तारीख, मुलगा कोचिंगला, वडील मार्कशीट घेऊन उभे. पेपर कोणते विचारलं तर म्हणतात, "सगळे भरतात तेच भरा." मुलगा समोर असल्याशिवाय मी आता सीयूईटीचा फॉर्म उघडतच नाही.

भंवरकुआंतली शिक्षिका:
माध्यमाचा रकानाही नीट बघा. घरी मराठी बोलतो म्हणून काही जण जेईई मेनला मराठी निवडतात. तो पेपर फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळतो. इंदुरात इंग्रजी, हिंदी किंवा उर्दू. सीयूईटीच्या 13 भाषांमध्ये मात्र मराठीचा स्वतंत्र पेपर आहे. ज्यांचं वाचन चांगलं आहे त्यांनी, विद्यापीठाला चालत असेल तर, तो जरूर घ्यावा.

सुदामानगरची आई:
मुलगी सोबत येईल, पेपर तीच सांगेल, ईमेलही तिचाच. एवढं मान्य. पण फॉर्म भरला जाईल कियोस्कवरच. ज्यांच्या घरी कंप्यूटर नाही त्यांना "स्वतः भरा" सांगून काय होणार? फॉर्म सुरू असतील तेवढे दिवस शाळांनी बारावीच्या मुलांना कंप्यूटर लॅब उघडून द्यावी आणि एक सर तिथे बसवावेत. हे मागायला तुम्ही सगळे माझ्याबरोबर प्रिन्सिपलकडे येणार का, ते सांगा.