जत्रेतल्या नाटकांची नोंदवही: पायथनमध्ये टेबलं कशी जोडावीत?

फोंडेकर:
नमस्कार मंडळी. आमच्या गावात जत्रेला दरवर्षी मराठी नाटक होतं. जुन्या वह्यांत सगळं लिहून ठेवलंय: नाटक कुठलं, तारीख, कोणी कुठली भूमिका केली, पेटीवर कोण, तबल्यावर कोण. हे डेटाबेसात आणतोय. एसक्यूएलअल्केमी २.० (पायथनमधून डेटाबेस हाताळणारी लायब्ररी), खाली एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा डेटाबेस). नाटक, प्रयोग, कलाकार अशी तीन मॉडेलं (टेबलांचे पायथन क्लास) केली, प्रयोग आणि कलाकार मेनी-टू-मेनीने (एका प्रयोगात अनेक कलाकार, एका कलाकाराचे अनेक प्रयोग) जोडले, मध्ये नुसत्या जोड्या ठेवणारं सेकंडरी टेबल. आता भूमिका लिहायची कुठे? शिवाय प्रयोगांची यादी उघडायला फार वेळ लागतो. जँगोकडे, म्हणजे पायथनच्या वेब फ्रेमवर्ककडे, वळू का?

डिचोलीकर:
सेकंडरी काढाच. ते नुसत्या जोडीसाठी असतं. जोडीबद्दल आणखी काही सांगायचं झालं की मधल्या टेबलाला स्वतःचा क्लास हवा. त्याला ‘सहभाग’ म्हणा. त्यात प्रयोगाची फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा कॉलम), कलाकाराची फॉरेन की आणि पात्राची. प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) मात्र वेगळा आयडी ठेवा. प्रयोग आणि कलाकार मिळून की केलीत, तर पहिल्या अंकात शिपाई आणि तिसऱ्यात सावकार झालेला गडी दुसऱ्यांदा आत शिरणारच नाही. गावच्या नाटकात हे हमखास.

पात्र हेही टेबलच, आणि ते नाटकाचं अपत्य. नारद दहा पौराणिक नाटकांत येतो म्हणून त्याची एकच नोंद करू नका. या नाटकातला नारद वेगळा, त्या नाटकातला वेगळा. पेटी-तबलावाले याच ‘सहभाग’मध्ये बसवा: पात्र रिकामं, ‘काम’ कॉलममध्ये पेटी. कोणी म्हणेल वेगळं टेबल करा, मला तो खटाटोप वाटतो.

रिलेशनशिप (मॉडेलांमधलं नातं) दोन्ही बाजूंनी लिहून बॅक-पॉप्युलेट्सने एकमेकांना बांधा. डिलीट-ऑर्फन कॅस्केड (मूळ नोंद पुसली की तिच्या खालच्याही पुसणं) फक्त प्रयोगाकडून सहभागाकडे. कलाकाराकडून लावलंत तर एक नाव पुसताना त्याची सगळी कामं पुसली जातील. आणि एसक्यूलाइट फॉरेन की आपणहून तपासत नाही, दर कनेक्शनला प्राग्मा या आज्ञेने ती तपासणी चालू करावी लागते.

म्हापशेकर:
वेळेचं कारण मी सांगतो. इंजिनला इको ट्रू द्या, म्हणजे डेटाबेसकडे जाणारी प्रत्येक क्वेरी छापली जाईल, आणि यादीचं पान उघडा. पन्नास प्रयोग असतील तर आधी एक क्वेरी, मग सहभागासाठी आणखी पन्नास, वर कलाकारांच्या वेगळ्या. लेझी लोडिंग, म्हणजे जोडलेली माहिती मागितली तेव्हाच आणणं, हा तिथला डिफॉल्ट आहे. प्रयोगाच्या सहभागांना सिलेक्टइनलोड (सगळे एका वेगळ्या क्वेरीत आणतं) लावा, सहभागाच्या कलाकाराला आणि पात्राला जॉइन्डलोड (त्याच क्वेरीत जोडून आणतं). पन्नासच्या जागी दोन क्वेरी दिसतील. सहभागांच्या यादीवरच जॉइन्डलोड लावाल तर ओळी पटीत वाढतात, आणि २.०मध्ये युनिक (दुबार ओळी गाळणारी मेथड) न बोलावता निकाल मागितला की एररच येतो. काम चालू असेपर्यंत रेझलोड लावून ठेवा, आधी आणायला विसरलेलं नातं एरर देऊन लगेच ओरडतं.

फोंडेकर:
उत्तम! ‘अमक्याने काम केलेले प्रयोग’ असं शोधायचं तर? जॉइन, फिल्टर आणि कंटेन्स-ईगर (जॉइनमधल्या ओळींनीच नातं भरणं) असं केलं, पण प्रत्येक प्रयोगात तो एकटाच दिसतो, बाकी संच गायब.

म्हापशेकर:
बरोबरच आहे, फिल्टर केलेल्या ओळींनीच यादी भरली गेली. अट एनीने (‘निदान एक असा सहभाग आहे’) घाला, सहभाग सिलेक्टइनलोडने आणा. अख्खा संच दिसेल.

साखळीकर:
जँगोबद्दल. मॉडेल हेच राहील, मधला क्लास थ्रूमध्ये लिहून. जोडलेली माहिती आधीच आणायला सिलेक्ट-रिलेटेड आणि प्रीफेच-रिलेटेड तिथेही आहेत. फॉरेन कीला इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) जँगो आपणहून घालतो, एसक्यूएलअल्केमीत तुम्हाला सांगावं लागतं. पण खरा प्रश्न वह्या टाइप कोण करणार हा. गावातले काका-मामा बसणार असतील तर जँगोचं अ‍ॅडमिन (माहिती भरायची तयार पानं) घ्या. प्रयोगाच्या पानावरच सहभागाच्या ओळी भरता येतात. तुम्ही एकटेच असाल तर आहे तेच बरं.

फोंडेकर:
टायपिंगला दोन काका आहेत, तेव्हा जँगोच. एक शेवटचं: १९६१ आधीच्या, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीतल्या, नाटकांच्या पत्रिकांवर आडनावं पोर्तुगीज वळणाची, वहीत मराठी, आणि हाक मारायचं नाव तिसरंच. माणूस एकच.

डिचोलीकर:
कलाकाराखाली ‘नावं’ असं टेबल करा, एका कलाकाराला अनेक नावं. सहभागात मात्र वहीत जसं लिहिलंय तसं नावही जपून ठेवा. दोन माणसं एकच आहेत असं आज वाटलं आणि उद्या काका नाही म्हणाले, तर पुन्हा वेगळं करायला तेवढाच आधार.