सोनटक्का माजलाय, पण फुलं दोनच. उपटून टाकू का?

पानफुटी:
तीन वर्षांपूर्वी सोनटक्क्याचा एक कंद भिंतीलगत लावला. आता तिथे चार फूट रुंद रान झालंय, दांडे माझ्या खांद्याच्या वर गेलेत. पण यंदा अख्ख्या गड्ड्याला दोनच तुरे आले. वाऱ्याने लवायला लागले म्हणून पावसाच्या तोंडाशी शेंडे छाटून सगळं एकसारखं केलं होतं. ऊन सकाळी दहापर्यंत. शेजारच्या शेवंतीतही कोंब घुसलेत. उपटून दुसरीकडे लावू का?

मृद्गंध:
अजिबात उपटू नका! कारण तुम्हीच लिहिलंय. सोनटक्क्याचा तुरा दांड्याच्या अगदी टोकाला येतो. शेंडा गेला की त्या दांड्याचं फूल गेलं, बगलेतून नवी फांदीही फुटत नाही. जास्वंदीची सवय इथे नको. एक दांडा एकदाच फुलतो, म्हणून फुलून गेलेला तेवढा जमिनीलगत कापायचा. लवणाऱ्यांना काठी रोवून सुतळीने सैल बांधा.

कंदवेडा:
शेंड्यांचं अगदी बरोबर. पण तीन वर्षांत गर्दीही झाली असणार. पुढच्या पावसाआधी कडेने खणून गड्डा उचला. मधले जुने, सुरकुतलेले कंद काढून टाका. बाहेरचे टणक, गुलाबीसर डोळ्यांचे कंद ठेवा. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे हवेत. काप दिवसभर सावलीत सुकू द्या, मग आडवे ठेवून वर जेमतेम दोन बोटं माती. खोल पुरले आणि पाणी साचलं तर कुजतात. तुकड्यांत दीड-दोन फूट अंतर सोडा. शेवंतीच्या बाजूने वीतभर खोल पत्रा उभा गाडा. कंद वरवरच सरकतात.

एक कळकळीची विनंती, उरलेले कंद ओढ्याकाठी फेकू नका. हवाई बेटांवर आणि ब्राझीलमध्ये हाच सोनटक्का पाणथळ जागी माजून तिथल्या मूळ झाडांच्या मुळावर उठलाय.

पानफुटी:
आत्ता जाऊन पाहिलं. फुललेले दोन्ही दांडे नळाच्या मागचे, तिथे माझी कात्री पोचलीच नव्हती! बाकी सगळ्यांची टोकं तपकिरी, सुकलेली. फार वाईट वाटलं. ते छाटलेले दांडे आता मुळापासून काढू का? खालची पानं हिरवीगार आहेत.

मृद्गंध:
राहू द्या. हिरवं पान आहे तोवर ते कंदात साठा भरतंय, आणि पुढच्या वर्षीचे कोंब त्याच साठ्यावर येणार. पिवळे पडले की काढा. पाणी मात्र तोडू नका, माती सुकली की पानांच्या कडा लगेच करपतात.