नागपूरच्या महाराजबागेसारख्या जुन्या बागेत लग्नं लागू द्यावीत का?

धरमपेठची काकू: माझ्या भाचीचं लग्न जूनमध्ये अमेरिकेत हार्टफर्डच्या एलिझाबेथ पार्कमध्ये लागलं. तिथली गुलाबबाग १९०४ पासून सगळ्यांना खुली आहे. वेलगुलाबांच्या कमानींखालून ती चालत आली, पाऊण तासात विधी आटोपला, बाकीचे लोक आपापले फिरत होते. तेव्हापासून मनात आहे, आपल्या भोसलेकालीन महाराजबागेत, तेलंगखेडीच्या बगिच्यात गुलाबाच्या वाफ्यांशेजारी अशी लग्नं का लागू नयेत? लॉनचं भाडं भरता भरता मुलीचा बाप कर्जात जातो.

माळीकामवाला: काकू, माझा विरोध. तीस वर्षं गुलाब सांभाळतोय. आपल्याकडे छाटणी ऑक्टोबरात, नंतर दीड-दोन महिन्यांनी पहिला बहर. म्हणजे नेमका तुळशीच्या लग्नानंतर, मुहूर्त सुरू झाले की. खत-पाणीही तेव्हाच. ओल्या काळ्या मातीवर दोनशे माणसं उभी राहिली की ती दगडासारखी बसते, मुळांना हवा मिळत नाही. त्या दिवशी काहीच दिसत नाही, झाड पुढं महिना-दोन महिन्यांनी पिवळं पडतं. एका बागेत डेकोरेशनवाल्यानं पाण्याच्या नळीतच खुंट ठोकला होता. दोन वाफे उपटून नवी कलमं लावावी लागली. मीच लावली.

इंदोऱ्याचा: लग्न म्हटलं की मांडव, डीजे, बुफेच का दिसतो तुम्हाला? आमच्याकडे मंगल परिणय असतो. पांढरे कपडे, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढं मेणबत्ती, त्रिशरण-पंचशील, हार घातले, झालं. माझं अर्ध्या तासात लागलं, साठ माणसांत. रविवारी एवढी माणसं डबे घेऊन बागेत येतात, त्यांना कोणी अडवतं का?

सकाळी फिरणारा: आजचे साठ उद्या सहाशे होतात, दादा. विधी लहान, पण वरातीचं काय? महाराजबागेत प्राणिसंग्रहालय आहे. गेटवर ढोल-ताशा नि फटाके वाजले तर पिंजऱ्यातलं जनावर कुठं पळेल? रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. आमच्या घरामागच्या लॉनवर तो पाळलेला मी अजून पाहिला नाही.

इंदोऱ्याचा: मग तेलंगखेडीचं बोला, तिथं पिंजरे नाहीत. आणि वरात नाही अशी अट घाला. अट घालता येते, बंदीच कशाला?

माळीकामवाला: साठ माणसं, मांडव नाही, खुर्च्या नाहीत, फक्त फरसबंदीवर, सकाळी नऊच्या आत. छाटणीपासून पहिला बहर ओसरेपर्यंत बंद. एवढं लेखी असेल तर माझा विरोध अर्धा कमी. अनामत रक्कम मात्र घ्याच. अक्षताही नकोत, तांदळावर घुशी येतात नि झाडांभोवतीची आळी पोखरतात. फुलं उधळा, तीही बागेतली तोडून नाही.

सकाळी फिरणारा: माझा विरोध कायम. माझी आई ऐंशीची आहे, रोज एकाच बाकावर बसते. एखाद्या सकाळी तिला कोणी "आजी, आज कार्यक्रम आहे, पलीकडं बसा" म्हणालं, तर ती पुन्हा बागेत येणार नाही. मी ओळखतो तिला.

धरमपेठची काकू: आजींना उठवायचं नाही, ही पहिली अट लिहिते. अर्जाचा मसुदा मी करते. माळीदादा, आळ्यांचं आणि छाटणीचं तुम्ही सांगा. फिरणारे दादा, तुमचा विरोधही त्यात जसाच्या तसा घालीन.